माळवदाच्या घरात लाईटवाला मेकअपचा आरसा: कोणता घ्यावा, भिंतीत बसंल का?

माळवदातली_सून (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. चाळिशी लागल्यापासून काजळ घालायचे वांधे झालेत. चष्मा ठेवला तर बोट डोळ्यापर्यंत जात नाही, काढला तर डोळाच दिसत नाही. म्हणून भिंतीला लावायचा, दांडा पुढं-मागं होणारा, भोवती लाईट असलेला गोल आरसा घ्यायचं ठरवलंय. पण तीन पट, पाच पट, दहा पट असं काय काय लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणतो, दहाचाच न्या.

घर जुनं, माळवदाचं. भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, चांगल्या दोन फूट रुंद, वरून सिमेंटचा गिलावा. माझ्या खोलीला एकच खिडकी, तीही बोळाकडं, त्यामुळं दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागते. मागं कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तर गिलाव्याचा पापुद्रा निघाला आणि ओंजळभर माती खाली आली. तेव्हापासून सासूबाईंनी हातोडी कुठं ठेवलीय ते मला माहीत नाही.

तर असा आरसा या भिंतीत टिकंल का? उजेड पिवळा घ्यावा का पांढरा? मी पाच फुटाची, लेक पाच-चार. दोघींना चालला पाहिजे. अडीच हजारापर्यंत जाईन.

नवरीची_मेकअपवाली (छत्रपती संभाजीनगर)

ताई, दहाचा घेऊ नका. दहा पटीच्या आरशात नाक काचेला टेकायच्या बेतात न्यावं लागतं. जरा मागं सरलात की चेहरा धूसर, आणखी मागं गेलात की उलटा दिसतो. भुवईचा एकेक केस उपटायला ठीक आहे, पण त्यात बघून मेकअप केला तर गालाचं एक छिद्र झाकण्यातच मुहूर्त टळायचा! काजळाला पाच पट पुष्कळ झालं. एका बाजूनं साधा, दुसऱ्या बाजूनं पाच पट असा फिरता मिळतो, तो घ्या. लेकीला साधी बाजूच लागणार.

खरं लक्ष उजेडावर द्या. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ३००० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे तुमच्या ट्यूबसारखा निळसर पांढरा. तुम्हाला ४००० ते ५०००मधला हवा. पिवळ्या उजेडात बरोबर वाटलेलं फाउंडेशन मांडवात, उन्हात गेलं की वेगळंच दिसतं, हे मी नवरीमुलींच्या आयांकडून ऐकून घेतलेलं आहे. तीन रंगांचं बटण असलेला मिळाला तर उत्तमच, रात्रीच्या कार्यक्रमाला पिवळ्यात एकदा बघून घेता येतं.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो ९० किंवा वर पाहिजे. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो. दुकानात आरसा चालू करून समोर कुंकवाची डबी किंवा मरून लिपस्टिक धरा, मग तीच दाराबाहेर उजेडात बघा. आत तपकिरी आणि बाहेर लाल दिसली तर आरसा परत ठेवा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

परभणीचा_वायरमन

ताईंनी उजेडाचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. तुमच्या भिंतीत गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात तो प्लग) धरणार नाही. मातीत भोक पाडलं की ते मोठं होत जातं आणि गिट्टी आत गोल फिरत राहते. साधा आरसा एक वेळ लटकेल. पण दांड्याचा आरसा पुढं ओढला की सगळा जोर वरच्या स्क्रूवर येतो, रोजच्या ओढाओढीनं तो सुटणारच. भिंतीचा नादच सोडा. माळवद आहे म्हणजे सागवानी खांब असतील, एखादा खोलीत दिसतो का?

माळवदातली_सून

आहे की दादा! पलंगाशेजारीच एक खांब अर्धा भिंतीत आहे, बाहेरची बाजू वीतभर रुंद. पण त्यावर सासूबाईंची पिशवी असते.

परभणीचा_वायरमन

पिशवीला दुसरी जागा बघा 🙂 त्या खांबावरच बसवा. आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा भुसा गळला तर वाळवी आहे, मग तिथं नको. टणक असेल तर गिट्टी लागतच नाही. आरशाची मागची, स्क्रूच्या भोकांची चकती धरून पेन्सिलीनं खुणा करा, स्क्रूपेक्षा बारीक बिटानं आधी भोक पाडा, आणि दीड इंची लाकडाच्या स्क्रूला साबण लावून हातानं आवळा. जुनं सागवान कडक असतं. भोक न पाडता स्क्रू घातला तर खांब चिरतो नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं. उंची अशी धरा, आरशाचा मध्य जमिनीपासून चार फूट दहा इंचावर. तुम्हाला जरा खाली झुकवावा लागेल, लेकीला जरा वर.

आता लाईट. चार्जिंगचा घेतला तर वायरिंगची भानगड नाही आणि लाईट गेली तरी चालतो. पण चार्जिंगसाठी आरसा काढून घेता येतो का ते बघा, नाहीतर खांबावरून लोंबती केबल कायमची. थेट जोडायचा असेल तर बोर्डापासून केसिंग पट्टीतून वायर आणा, भिंत फोडू नका. अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर अर्थिंग लागत नाही. ती नसेल आणि बॉडी धातूची असेल तर अर्थिंग पाहिजेच, आणि जुन्या घरात तिसऱ्या पिनला नुसतं भोक असतं, मागं वायरच नसते. हे काम मेन स्विच पाडून गावातल्या वायरमनकडूनच करून घ्या.

उदगीरची_मावशी

एक राहिलं गं बाई. पाच पटीची काच खोलगट असते, ती ऊन एका जागी गोळा करते. अशा आरशानं पडदा-कापड पेटू शकतं, लंडनच्या अग्निशमन दलानंही लोकांना यावरून सावध केलंय. तुझी खिडकी बोळाकडं आहे, तरी दारातून चौकातलं ऊन खांबावर येतं का ते सकाळी आणि दुपारी बघून घे. येत असेल तर काम झालं की साधी बाजू पुढं करून ठेवायची. आणि पुसताना पाणी काचेवर मारू नको, फडक्यावर घे. कडेनं आत उतरलं की एलईडी जातात. बोअरचं पाणी तर नकोच, पांढरे डाग निघता निघत नाहीत.

माळवदातली_सून

दुपारी तीननंतर येतं थोडं ऊन, आत्ताच बघून आले. खांब ठोकून बघितला, टणक आहे. पाच पटीचा, फिरता, चार्जिंगचा घेते. दादा, दीड इंची स्क्रू पितळी घेऊ का लोखंडी?

परभणीचा_वायरमन

लोखंडी. पितळी मऊ असतो, जुन्या सागवानात मुंडी तुटते.