वर्धापनदिनाच्या मिस्सेला लॅटिन मोटेट: कमी बासवाल्या कॉयरला काय झेपेल?

पापडीची_आल्टो
नमस्कार मंडळी, वसईतल्या आमच्या चर्चचा वर्धापनदिन येतोय आणि फादर म्हणाले यंदा मराठी गीतांसोबत एखादं लॅटिन मोटेट (अनेक आवाजांत गायचं छोटं धार्मिक गीत) बसवा. यूट्यूबवर ब्रुकनर (एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार) ऐकून सगळे खूश आहेत पण आमच्याकडे बायका भरपूर, टेनर (पुरुषांचा उंच आवाज) मोजके, बासला (पुरुषांचा खालचा आवाज) दोघंच आणि त्यातला एक बोटीवर गेला की प्रॅक्टिसला नसतो. ऑर्गन नाही, कीबोर्ड आहे. काय घ्यावं?

अर्नाळ्याचा_टेनर
ताई, ब्रुकनरचंच 'लोकुस इस्ते' घ्या. १८६९ साली लिंझच्या नव्या कॅथेड्रलमधल्या चॅपलसाठीच लिहिलंय, शब्द चर्चच्या समर्पणदिनाचे, म्हणजे तुमच्या प्रसंगाला अगदी चपखल. चार आवाज, वाद्य नाही, एकूण ४८ बार, तीनेक मिनिटांत संपतं. आणि मधल्या 'इररेप्रेहेन्सीबिलिस'च्या भागात बास चक्क गप्प असतो, वरचे तीनच आवाज एकेक अर्धस्वर सरकत जातात. गोची तिथेच होते, टेनर आणि आल्टो (बायकांचा खालचा आवाज) तिथे हमखास सुरात खाली उतरतात आणि बास परत आला की सगळं बेसूर. तेवढाच तुकडा आधी कीबोर्डवर, मग कीबोर्ड बंद करून रोज घोटा. आणि प्रॅक्टिसला पंखे बंद ठेवा, घामाघूम व्हाल पण त्या भागातला हळू आवाज पंख्याखाली ऐकूच येत नाही.

वेंगुर्ला_ऑर्गन
वरच्यांशी सहमत. ब्रुकनरचं 'ओस युस्ती' मात्र आत्ता नको, १८७९ चं आहे, काही ठिकाणी आठ आवाज होतात. पण ऐका जरूर! लिडियन नावाच्या जुन्या चर्च-स्वरावलीत आहे, लिखाणात एकही शार्प-फ्लॅटचं चिन्ह नाही, म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच स्वर, तीव्र मध्यमासकट. ऑस्ट्रियातल्या सेंट फ्लोरियन मठाच्या कॉयरमास्टर ट्राउमिहलरला अर्पण केलंय, त्याला सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रिना या इटालियन संगीतकाराच्या वळणाचं जुनं शुद्ध संगीत हवं असायचं आणि ब्रुकनरने त्या बंधनात राहून जे काही केलंय त्याला तोड नाही, माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर मोटेट तेच.

पापडीची_आल्टो
खूप आभार दोघांचे! आमच्यातली एकजण राइनबर्गर या संगीतकाराच्या 'आबेन्डलीड'साठी हट्ट धरून बसलीये, ते कसं?

अर्नाळ्याचा_टेनर
गाणं फारच गोड, पहिला खर्डा त्याने पंधराव्या वर्षी केला होता. पण सहा आवाज आहेत, त्यात टेनरचे दोन भाग, तुमचे मोजके टेनर वाटले तर प्रत्येक भागाला एखादाच उरेल. शिवाय ते जर्मनमध्ये आहे, फादरना लॅटिन हवंय. पुढच्या वर्षी टेनर वाढले की संध्याकाळच्या प्रार्थनेला घ्या. आत्ता 'लोकुस इस्ते'चे शब्द देवनागरीत लिहून सगळ्यांना वाटा, आणि शेवटाकडे सगळ्यांना जो थांबा आहे तो पूर्ण मोजा, लोक घाईने आत घुसतात.