‘डावा’ गल्लीतलाच खेळाडू होता म्हणणाऱ्यांना उत्तर

मिरज जंक्शन

परवा इथे ‘आयर्विनकाठ’ यांनी लिहिलं की मिरजेतले पन्नाशीपुढचे लोक ‘डावा’ या जुन्या फुटबॉल खेळाडूच्या आठवणी काढत बसतात, पण तो जिल्ह्याबाहेर कुणाला माहीत नव्हता. त्याच्या नावावर गोल मोजके. शेवटच्या हंगामात तर चेंडू आला की मागे देऊन मोकळा व्हायचा. आजची सतरा वर्षांची पोरं त्याला पळवून दमवतील, तेव्हा जुने फोटो टाकणं बंद करा आणि पोरांच्या मॅचला या.

दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

आधी गोलांचं बोलू. तो लेफ्ट आउट होता. लाइन धरून वर जायचं, बॅकला बाहेर ओढायचं आणि पोस्टसमोर चेंडू टाकायचा, हे त्याचं काम. त्या चेंडूला डोकं लावणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींच्या बातमीत यायचं. चेंडू टाकला कुणी, हे कोण लिहीत होतं? तुम्ही ती कात्रणं काढून गोल मोजता आणि माणसाला छोटा ठरवता.

माझे वडील रेल्वेत होते. ड्यूटी सुटली की डबा हातात तसाच घेऊन मैदानावर. पायऱ्यांवर कधी बसले नाहीत. डावीकडच्या लाइनला उभे राहायचे आणि हाफटाइम झाला की मैदानाला वळसा घालून पलीकडच्या लाइनला जायचे, कारण आता तो तिकडून खेळणार. ते एकटे नव्हते. शंभरेक माणसं अशी हाफटाइमला चालत पलीकडे जायची. हे मी दुसऱ्या कुठल्या खेळाडूसाठी बघितलेलं नाही.

22 जून 1986 च्या रात्री वर्ल्ड कपमध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध ते दोन गोल केले. आपल्याकडे मॅच सुरू झाली साडेअकराला. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर एका खोलीत वीस-बावीस माणसं होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो तर डावा आमच्या आधी हजर. मधल्या रेषेपासून पोस्टपर्यंत दगड मांडलेले आणि तो एकेका दगडाला वळसा घालतोय. आम्ही पोरं बघत उभी राहिलो तर त्याने दगड उचलले आणि त्या जागी आम्हालाच उभं केलं. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू कसा ढकलायचा ते मी त्या सकाळी शिकलो. माझी मुलगी आज तसाच ढकलते.

कोल्हापूरचं बोलावणं त्याला दोनदा आलं होतं. तिथल्या तालमीचा फुटबॉल संघ, शाहू स्टेडियम, पंचवीस-तीस हजारांचा गलका. तो गेला नाही. घरी आई एकटी होती. जिल्ह्याबाहेर माहीत नव्हता हे खरं, पण ते त्याच्या खेळाचं माप नाही.

आयर्विनकाठ

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण मी काय लिहिलं ते नीट वाचा. मी मुलांना शिकवतो, सकाळी सहाला, नोकरी सांभाळून. माझ्याकडचं प्रत्येक पोरगं चेंडू मिळाला की तीन जणांना चकवायला जातं, कारण घरी बापाने डाव्याच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. पास दे म्हटलं तर तोंड पाडतं.

आणि मैदानाचं काय? वर्षातले किती दिवस ते पोरांना मिळतं? कधी प्रदर्शन, कधी सभा. मंडप निघून जातो, खांबांचे खड्डे राहतात. मागच्या उन्हाळ्यात एका मुलाचा पाय त्यात अडकून घोटा मोडला. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. ओसरल्यावर आमच्या जाळ्या, बूट, चेंडू सगळं गाळात. आठवणींच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. फावडं घेऊन आले चौघे. त्या चौघांत फोटो टाकणारा एकही नव्हता. मला राग याचा आहे.

जुना हाफबॅक

मी त्याच्यासोबत सात वर्षं खेळलो. त्याच्यामागे लेफ्ट हाफ. तेव्हा मला सांगू नका तो कसा होता. चेंडू अडकवून ठेवणारा तो नव्हताच. दोघं अंगावर आले की तिसरा मोकळा होतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याला दिसायचं. तो मोकळा माणूस बहुतेक वेळा मी असायचो.

आणि त्याचं सगळं शिक्षण अनवाणी, मुरमावर. बूट पहिल्यांदा मिळाले ते कुणाचे तरी जुने, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. आपल्या लोकांना बुटांपायीच मागे राहावं लागलं. 1950 चा वर्ल्ड कप भारत खेळला नाही तो अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून.

पायरी नंबर तीन

हाफबॅककाका, डाव्याबद्दल तुमचा शब्द प्रमाण. पण 1950 ची ती गोष्ट खरी नाही. ब्रह्मदेश आणि फिलिपाइन्सने माघार घेतली म्हणून भारताला ब्राझीलमधल्या त्या वर्ल्ड कपला जागा मिळाली. प्रवासाचा बराचसा खर्च उचलायला यजमान तयार होते. पाठवलं नाही ते आपल्या संघटनेने. तेव्हा ऑलिम्पिक मोठं वाटायचं, वर्ल्ड कपची किंमत कळली नव्हती. पुढे कॅप्टन शैलेन मन्नांनीही सांगितलंय की बुटांचं कारण नंतर चिकटवलेलं आहे.

जुना हाफबॅक

आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. सगळे खोटं बोलत होते काय? तुम्ही वाचून बोलता, आम्ही तळपायाची साल काढून खेळलोय.

पायरी नंबर तीन

साल निघाली ते मी नाकारत नाही. अनवाणी खेळण्याची किंमत आपण मोजली, पण ती 1952 ला. 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच जण अनवाणी होते आणि फ्रान्सशी 2-1 अशी झुंज दिली, दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल फिरला असता. चार वर्षांनी हेलसिंकीत थंडी, तरी काही जण अनवाणीच, आणि युगोस्लाव्हियाने 10-1 ने हरवलं. आपला एक गोल अहमद खानचा. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. 1956 ला मेलबर्नमध्ये आपलाच भारताचा संघ चौथा आला आणि आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले. बूट मिळाले तर काय होतं ते चार वर्षांत दिसलं.

प्रीतिसंगम

हेलसिंकीचं नाव काढलंत आणि खाशाबांचं नाही? मी कराडचा. त्यांचं गाव गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. फुटबॉलवाले 10-1 ने हरले त्याच हेलसिंकीत पैलवान खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं.

मिरज जंक्शन

दादा, धागा डाव्याचा आहे.

प्रीतिसंगम

डाव्याचंच बोलतोय, ऐका. 1948 ला लंडनला गेले तेव्हा खाशाबांना मॅटची सवय नव्हती, सगळी कुस्ती तांबड्या मातीतली. तरी सहावे आले. 1952 ला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी मागितली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. म्हणून पदक आलं. 151 बैलगाड्यांची मिरवणूक सगळे सांगतात, अभिमानाने सांगतात. माझे आजोबाही सांगायचे, आमची एक गाडी होती म्हणून. मी एकदा विचारलं, वर्गणी किती दिली होती? ते गप्प झाले. 1984 ला खाशाबा अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. मिरवणुकीला सगळे असतात. गहाण टाकणारा एक असतो. डाव्यासाठी मिरजेत कुणी काय गहाण टाकलं, ते सांगा.

जुना हाफबॅक

कुस्तीवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. या जिल्ह्यात पैलवानाला खुराक मिळाला, तालमी मिळाल्या, जत्रेत इनाम मिळालं. आम्हाला हाफटाइमला अर्धं लिंबू मिळायचं.

प्रीतिसंगम

मिळालं कारण त्यांनी करून दाखवलं. तुमच्याच सांगली जिल्ह्याने मारुती माने दिले, 1962 ला जकार्त्याच्या आशियाई खेळांत सुवर्ण. गणपतराव आंदळकर दिले. देशाला माहीत असलेलं फुटबॉलचं एक नाव द्या ना तुमच्या जिल्ह्याचं.

मिरज जंक्शन

1962 ला जकार्त्यातच फुटबॉलचंही सुवर्ण आलं होतं, दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून. पैलवान आणि फुटबॉलवाले एकाच गावी जिंकले, इथे भांडणं कशाला? आणि नाव होत नाही कारण पोरगं बाहेर पडल्याशिवाय इथे वाट नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला. लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या गावातूनही बाहेर जावं लागलं. डाव्याला कुठली प्रबोधिनी होती?

विश्रामबागची फिजिओ

बराच वेळ नुसतं वाचत होते. खाशाबा, बूट, कोल्हापूर सगळं झालं, पण मूळ पोस्टमधल्या एका वाक्यावर कुणी बोललं नाही. ‘शेवटच्या हंगामात चेंडू आला की मागे द्यायचा.’

मी लहान होते, बाबांच्या खांद्यावरून त्या हंगामातल्या दोन-तीन मॅच बघितल्यात. आज जे आठवतं ते असं: तो सरळ जोरात पळायचा, पण डावा पाय रोवून आत वळायची वेळ आली की थांबायचा. एकदा वळला आणि कुणीही न लागता खाली बसला. हे मी आता रोज क्लिनिकमध्ये बघते. गुडघ्याच्या आतलं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, पूर्ण तुटलं की ते सहसा आपोआप जुळून येत नाही. सूज आठ-पंधरा दिवसांत उतरते, माणूस चालतो, सरळ पळतो, घरच्यांना वाटतं बरा झाला. पण पाय रोवून वळला की गुडघा सटकतो. तसंच खेळत राहिलं तर आतली गादी फाटते आणि पुढे हाड हाडावर घासतं. आज मांडीतला स्नायूबंध काढून तिथे बसवतात आणि मैदानात परत यायला नऊ महिने तरी लागतात. तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण भित्रेपणा किंवा आळस मला त्यात दिसत नाही. वळता येत नसलेला लेफ्ट आउट चेंडू मागे देणार नाही तर काय करणार?

ज्या गावात चार जिल्ह्यांचे आणि कर्नाटकातले पेशंट उपचाराला येतात, त्या मिरजेत हे झालं.

आयर्विनकाठ

मी त्याला फक्त त्याच हंगामात बघितलंय. तेव्हा मी नववीत होतो. मोठ्यांनी एवढं कौतुक केलेलं आणि समोर हा माणूस मागे पास देतोय. मला फसवल्यासारखं वाटलं होतं. गुडघ्याचं माहीत नव्हतं.

तरी विचारतो. त्याच्या बरोबरीच्यांना माहीत होतं ना? मग खेळू का दिलं?

जुना हाफबॅक

मला माहीत होतं.

हे मी कुठे लिहिलेलं नाही. सेमीफायनलच्या आधीच्या मॅचमध्ये गुडघा गेला. मॅच संपल्यावर तो खोलीत बाकावर बसला होता, गुडघा नारळाएवढा. डॉक्टरांकडे चल म्हणालो. तो म्हणाला, महिनाभर झोपवतील, कामावर खाडे, घरी काय सांगू. दहा दिवसांनी सेमीफायनल. आमच्याकडे दुसरा लेफ्ट आउट नव्हता. क्रेप बँडेज मी बांधलं, या हातांनी, दोन थर. म्हणालो, वळू नकोस, माझ्याकडे दे, मी बघतो. तेच मागे दिलेले पास. ते माझ्याकडे येत होते. आम्ही सेमीफायनल जिंकलो, फायनल हरलो आणि उरलेला हंगामही त्याला तसाच खेळवला. पुढच्या वर्षी तो आला नाही.

नंतर मी त्याच्या घरावरून जायचं टाळायचो. लोक फोटो टाकतात तेव्हा मी अंगठा दाबतो आणि पुढे जातो.

आयर्विनकाठ, तुमच्या पोस्टचा मला राग आला तो त्या मागच्या पासवरून. दुसरं काही नाही.

प्रीतिसंगम

काका, मघाशी गहाणाचं बोललो ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. जोरात बोललो.

जुना हाफबॅक

बोललात ते बरोबरच होतं. कुस्तीचं सोडून.

पायरी नंबर तीन

तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया किती जणांना ठाऊक होती? त्या वेळच्या माणसांना आजच्या मापाने दोष देऊ नका. गुडघा सुजला की हळद-तुरटीचा लेप आणि मॅच, हीच पद्धत होती सगळीकडे.

विश्रामबागची फिजिओ

दोष देत नाही. पण लेप आणि मॅच आजही चालू आहे. गेल्या आठवड्यात पंधरा वर्षांचा मुलगा आणला, तीन आठवडे सुजलेल्या गुडघ्यावर स्पर्धा खेळलेला. ‘फायनल होती’ असं वडील म्हणाले.

आयर्विनकाठ

तो माझ्याकडचा आहे. फायनलला उतरवू नका म्हणालो होतो, वडिलांनी ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा मीही आग्रह धरला नाही, कारण माझ्याकडेही त्या जागेला दुसरा मुलगा नव्हता.

डाव्याला गल्लीतला खेळाडू म्हणालो ते अजून पूर्ण मागे घेत नाही. मी त्याला धड खेळताना बघितलेलंच नाही, त्यामुळे मोठा होता असं तुमच्या सांगण्यावरून म्हणणं मला जमणार नाही. पण तो मागे द्यायचा, हे वाक्य काढून टाकतो. आत्ताच काढलं.

मिरज जंक्शन

वाक्य काढलंत, मला तेवढं पुरे. फावड्याचं म्हणाल तर त्या चौघांत मी नव्हतो, तेही खरं. रविवारी खड्डे बुजवायला मुरूम आणतो, एक टेंपो सांगितलाय. किती वाजता यायचं?

आयर्विनकाठ

साडेपाच. सहाला पोरं येतात.

जुना हाफबॅक

मी येताना त्याच्या घरावरून येतो. आला तर घेऊन येतो. त्याला बसायला खुर्ची लागेल, डाव्या लाइनला ठेवा.