द्राक्षावरच्या डाऊनीवर (डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा रोगावर) वनस्पतिजन्य औषध कोणी मारलंय का? मदत हवी आहे

मंडळी, निफाडला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की पानांवर तेलकट डाग आणि मागे पांढरी बुरशी ठरलेलीच. ॲझॉक्सिस्ट्रॉबिन या बुरशीनाशकाला आमची डाऊनी आता दाद देत नाही, वर युरोपला जाणाऱ्या मालाला रेसिड्यूची (मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची) धास्ती. ॲझॉक्सिस्ट्रॉबिनही मुळात अळंबीतल्या रसायनावरून घडवलेलं! आणि डाऊनी आली की वेल स्वतःच रेसव्हेराट्रॉल हे बुरशीविरोधी रसायन तयार करते. अशा वनस्पतींतल्या रेणूंवरून नवी बुरशीनाशकं यावीत, असं मनापासून वाटतं.

ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल बुरशी रोखतं, पण उन्हात उडून जातं. डोस वाढवला तर कोवळी पानं करपतात. बागेत टिकणारं, लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची अधिकृत मंजुरी) असलेलं काही वापरलंय का कोणी? पोंगा अवस्थेत (कोंब नुकते फुटताना) मारलं की फुलोऱ्यात? पुण्याजवळ मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्रात यावर कोणाशी बोलावं?