३६०० चौरस फूट शेड : ब्रॉयलर की लेअर?

माळरान:
सिन्नरजवळ शेड तयार आहे, ३००० ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) बसतील. पिंजरे टाकून लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) केले तर जास्त सुटतं असं काही जण सांगतात. बँकेचा हप्ता तीन महिन्यांनी सुरू होतोय. कशात पैसा आहे?

पशुवैद्य_नगर:
मग आत्ता लेअर नकोच. तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) अंड्यावर यायला १८ ते २० आठवडे लागतात. तोवर एकेक पक्षी सात-साडेसात किलो खाद्य खातो. ३२ रुपये किलो धरा, ३००० पक्ष्यांचं जवळपास सात लाखांचं खाद्य अंड्याआधीच संपतं. पिंजरे, पिल्लं, लसी वेगळ्या.

ब्रॉयलर स्वतःच्या पैशाने केला तर २.२ किलोच्या पक्ष्याला एफसीआर (एक किलो वजनासाठी लागणारं खाद्य) १.६५ ने ३.६ किलो खाद्य. ४० रुपयांनी १४५, पिल्लू ३५, औषध, खाली अंथरायचं तूस आणि ब्रूडिंग (पिल्लांना ऊब देणं) १०. चार टक्के मर धरली की किलोला ९० च्या आसपास पडतो. श्रावणात उठाव पडून दर ७५ झाला तर एका बॅचला ९५ हजार गेले. पक्षी थांबवूनही ठेवता येत नाही, रोज खातो आणि एफसीआर बिघडतो.

तूसवाला:
म्हणून पहिलं वर्ष करारावर करा. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, वीज, मजुरी तुमची. दराची जोखीम तुमच्यावर येत नाही. पण करारातला उत्पादन खर्चाचा आकडा नीट वाचा. तुमचा खर्च त्यावर गेला की ग्रोइंग चार्ज (पक्षी वाढवण्याचे कंपनी देते ते पैसे) कापतात. खाद्याची पोती उतरवताना वजन करा, लिफ्टिंगला (कंपनी पक्षी उचलते तेव्हा) काट्यापाशी स्वतः उभे राहा. थंडीत पडदे पूर्ण बंद केले की तूस ओलं होतं, अमोनिया कोंडतो आणि सीआरडी (श्वसनाचा जुनाट आजार) लागतो. तिथेच सगळा नफा जातो. वरून हातभर फट ठेवा. दोन बॅचमध्ये १५ दिवस शेड रिकामं ठेवा, घाई करू नका.

माळरान:
आणि लेअर कधीच नाही का?

पशुवैद्य_नगर:
अंडी स्वतः विकणार असाल तर जरूर. रोज ११२ ग्रॅम खाद्य, ९० टक्के उत्पादनाला अंड्यामागे १२४ ग्रॅम, म्हणजे चार रुपये. ८० टक्क्यांवर आलात की साडेचार. तलंगेचा खर्च त्यावर वेगळा. व्यापारी एनईसीसीच्या (अंड्यांचे दर सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) दरातूनही काही कापून घेतो. किराणा दुकानं, खानावळी धरल्या तर तो फरक तुमच्याकडे राहतो. आधी गिऱ्हाईक बांधा, मग पिंजरे.