चार स्ट्रिंग्जचं भाषांतर, नऊशे ओळींचा डिफ: मराठी पीओ फाइलीतले कॉन्फ्लिक्ट

पाटी_पेन्सिल
एका मुक्तस्रोत डेस्कटॉप अ‍ॅपच्या एमआर.पीओ वर (मराठी भाषांतराची फाइल) तिघं काम करतोय, स्ट्रिंग्ज (अ‍ॅपमधली भाषांतर करायची वाक्यं) १,८०० च्या आसपास. चार स्ट्रिंग्ज बदलल्या तरी पुल रिक्वेस्टच्या (बदल मर्ज करायच्या विनंतीच्या) डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, नऊशे ओळी दिसतात, आणि एकाची मर्ज झाली की बाकी दोघांच्या अडकतात. प्रत्येकाची ब्रँच वेगळी आहे. रिबेसमध्ये (आपले कमिट मुख्य ब्रँचच्या ताज्या टोकावर पुन्हा रचताना) कॉन्फ्लिक्ट आल्यावर ‘अवर्स’ निवडलं तर माझंच भाषांतर गेलं. चुकतंय कुठे?

शाखाप्रमुख
ब्रँचचा दोष नाही, फाइलीतल्या कचऱ्याचा आहे. डिफमध्ये बहुतेक ओळी ‘#:’ ने सुरू होणाऱ्या असतील. स्ट्रिंग सोर्समध्ये कितव्या ओळीवर आहे, ते त्या सांगतात. कोणी सोर्स फाइलीत वर एक ओळ घातली की खालचे सगळे आकडे सरकतात. उरलेला गोंधळ हेडरमधल्या तारखा आणि एडिटरने पुन्हा मोडलेल्या लांब ओळींचा.

एक्सगेटटेक्स्ट (सोर्समधून स्ट्रिंग्ज काढणारं) आणि एमएसजीमर्ज (त्या पीओ फाइलीत मिसळणारं) ही गेटटेक्स्टची साधनं, दोन्हींना --अ‍ॅड-लोकेशन=फाइल आणि --नो-रॅप द्या. पहिला पर्याय गेटटेक्स्ट ०.१९ पासून आहे. फाइलीचं नाव राहतं, आकडा जातो. --नो-लोकेशन मात्र नको. ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ की ‘उघडे’, हे फाइलीच्या नावावरूनच कळतं.

हा साफसफाईचा कमिट अडकलेल्या सगळ्या रिक्वेस्ट मर्ज झाल्यावर, आणि एकटाच करा. त्यानंतर भाषांतराच्या कमिटमध्ये एमएसजीमर्ज चालवायचं नाही. ते काम मेंटेनरचं, स्ट्रिंग फ्रीझनंतर (मूळ स्ट्रिंग्ज गोठवल्यावर) एकदा.

‘अवर्स’बद्दल: रिबेसमध्ये गिट आधी अपस्ट्रीमवर (मूळ रेपोच्या ब्रँचवर) जाऊन बसतं आणि तुमचे कमिट एकेक करून वर रचतं. म्हणून तिथे ‘अवर्स’ म्हणजे अपस्ट्रीम आणि ‘देअर्स’ म्हणजे तुम्ही. नावं दुर्दैवी आहेत, पण आहेत तशी आहेत. ‘देअर्स’ म्हणून अख्खी फाइलही उचलू नका, बाकी दोघांचं काम पुसलं जाईल.

रिबेस_अण्णा
आत्ता अडकलेली रिक्वेस्ट अशी सोडवा. रिबेस थांबलेला असताना ‘गिट शो :२:’ पुढे फाइलीचा पाथ दिला की अपस्ट्रीमची प्रत मिळते, ‘:३:’ ने तुमची. तुमच्या प्रतीतून फक्त बदललेल्या स्ट्रिंग्जचे ब्लॉक एका छोट्या पीओ फाइलीत घ्या, वर अपस्ट्रीमचं हेडर ठेवा. मग एमएसजीकॅट (पीओ फाइली जोडणारं साधन) --यूझ-फर्स्ट, आधी छोटी फाइल, मग अपस्ट्रीमची. शाखाप्रमुखांनी सांगितलेले दोन्ही पर्याय इथेही द्या.

छोटी फाइल का? --यूझ-फर्स्ट पहिल्या फाइलीतलं भाषांतर डोळे मिटून घेतं. तुमची पूर्ण प्रत दिलीत तर सहकाऱ्याने काल सुधारलेली स्ट्रिंग तुमच्या जुन्या प्रतीने झाकली जाईल. --यूझ-फर्स्ट विसरलात तर दोन्ही भाषांतरं ‘#-#-#’ च्या खुणांसकट एकाखाली एक येतात आणि नोंद फझी, म्हणजे तपासायची राहिलेली, होते.

शेवटी फाइल तपासायला एमएसजीएफएमटी --चेक. सी-फॉरमॅट खूण असलेल्या स्ट्रिंगमध्ये %s (अ‍ॅप नंतर मजकूर भरतं ती जागा) गळला असेल तर तिथेच अडवतं. मग गिट अ‍ॅड, रिबेस --कंटिन्यू आणि पुश --फोर्स-विथ-लीज. नुसत्या --फोर्सने मेंटेनरने तुमच्या ब्रँचवर टाकलेला कमिट उडतो.

लिपीकार
हे सगळं करूनही दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात आणि डिफ त्यांना वेगळ्या म्हणतो, असं झालं तर ‘ऱ्या’ तपासा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कोणी ऱ (यू+०९३१) आणि हलंत असा लिहितो, तर कोणी र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा. एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोड अक्षरं एकाच रूपात आणायच्या पद्धतीने) र आणि नुक्ता ही जोडी ऱ होते, पण जॉइनरवाली तशीच राहते. ती शोधून बदलावी लागते. तिघांनी ऱ ठरवून टाका. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ.

पाटी_पेन्सिल
ऱ्या सापडला, ४० जागी! एमएसजीकॅटची स्क्रिप्ट करून .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समधून मर्ज ड्रायव्हर (मर्ज करताना गिट आपोआप चालवतं ती कमांड) म्हणून लावली तर?

रिबेस_अण्णा
.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स रेपोसोबत जाते, पण ड्रायव्हरची कमांड प्रत्येकाच्या गिट कॉन्फिगमध्ये असते. ती क्लोनसोबत येत नाही, तिघांनी हाताने घालायची. आणि गिटहबचं मर्ज बटण असा ड्रायव्हर चालवत नाही, त्यामुळे रिबेस आपल्याच मशीनवर करायचा.