एस्प्रेसो आठ सेकंदांत वाहून जाते, काय चुकतंय?

रामबागवाली (इंदूर): दिवाळीत मुलाने एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाने काढलेल्या दाट कॉफीचं, मशीन आणून दिलं. १८ ग्रॅम पूड मोजून घालते, पण कॉफी आठ सेकंदांत धो धो येते. चव आंबट पाण्यासारखी, सोनेरी फेस नाहीच. पूड दुकानातूनच दळून आणलेली, फिल्टर कॉफीची. आमचे हे म्हणतात, पोह्यांबरोबर चहाच बरा. आता मीही हट्टाला पेटलेय!

कडूकॉफी: काकू, दोष पुडीचा. ती जाडसर, त्यात बहुधा चिकोरीही (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड). मशीनचं ९ बार दाबाचं (हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट) पाणी तिच्यातून सुसाट निघणारच. बिया आणा, चिकमगळूरच्या उत्तम, आणि ताज्या, बारीक दळा. १८ ग्रॅमला साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. मिक्सर नको, एकसारखं दळत नाही. मी त्यात तीन महिने घालवले.

दूधवेडा: कॅपुचिनोला, म्हणजे एस्प्रेसोवर फेसाळ दूध घातलेल्या कॉफीला, दूध फ्रिजमधलं गार घ्या. वाफेच्या नळीचं टोक आधी जेमतेम दुधात, मग खोल. भांडं हाताला सोसेना की थांबा, ६० ते ६५ अंश पुरे. आपल्याला उकळी काढायची सवय!

रामबागवाली: हाताची चक्की घेतली. आज २८ सेकंद! ह्यांनी दोन कप घेतले. सोबत शेव मागितली, ते सोडा.