फेसबुक-एक्स ओस पडायलेत, आपापल्या सर्व्हरचे अनुभव लिहा

मलप्रभा_काठ: आज ३० सप्टेंबर. २०१४ साली याच तारखेला ऑर्कुट बंद झालं होतं. मग एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं, जुलै २०२४ मध्ये ट्विटरसारखं आपलं भारतीय कू. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कनं घेतलं आणि आता पान उघडलं की ओळखीच्या माणसाआधी जाहिरात. तरी आपल्या गल्लीतली मंडळं अजून तिथंच फोटो टाकायलेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण एकमेकांशी जोडलेल्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं), डिस्कोर्स (चर्चेचा कट्टा) चालवणाऱ्यांनी कामाचं लिहा. माझ्याकडून एक: आधी डोमेन (साइटचा पत्ता) नीट ठरवा. मॅस्टोडॉनचा सर्व्हर ज्या डोमेनवर उभा केला ते नंतर बदलता येत नाही. आणि ते मंडळाच्या ईमेलवर घ्या. एका पोराच्या नावावर असलं आणि तो पुण्याला गेला, की नूतनीकरणाची सूचना कोणी बघत नाही.

खानापूर_टॉवर: घरच्या जुन्या पीसीवर नको. पावसाळ्यात लाईट जाते त्याला इन्व्हर्टर आहे, पण सीजीनॅटला (एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात ते) काय करणार? मोबाईल नेटवर आणि बऱ्याच फायबरवर स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, बाहेरचा माणूस सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. भाड्याचा व्हीपीएस (कंपनीकडचा ऑनलाइन सर्व्हर) घ्या. डिस्कोर्स १ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅपवर (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) चालतं. मॅस्टोडॉनला ४ जीबी धरा, डेटाबेस पोस्टग्रेस, तात्पुरती साठवण रेडिस, मागची कामं उरकणारं साइडकिक, सगळं एकाच मशीनवर असतं. मेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट बहुतेक कंपन्या बंद ठेवतात, मग नोंदणीचा ईमेल जात नाही आणि लोकांना वाटतं साइटच बिघडली. मेल सेवा घेऊन ५८७ वरून जोडा.

निपाणी_नाका: +१. आणि डिस्क! आपले सभासद थोडे असले तरी ते ज्यांना फॉलो करतात त्यांचे फोटो-व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर साठतात. टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह (tootctl media remove) ही मॅस्टोडॉनची कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवतो तो) रोज लावा, ७ दिवसांपेक्षा जुना बाहेरचा माल उडतो, आपला राहतो. डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद पडतो, मग सगळंच ठप्प.

कॅम्प_कॉर्नर: कुकर लावलाय, पटकन लिहिते. मॅस्टोडॉनवरचं आपलं खातं दुसऱ्या सर्व्हरवर नेताना आधी नव्या खात्यात जाऊन जुन्याचा पूर्ण पत्ता टोपणनाव म्हणून नोंदवा, मगच जुन्या खात्यातून स्थलांतर करा. उलटं केलं तर होत नाही. फॉलोअर्स आपोआप येतात, पोस्ट येत नाहीत. फॉलो, ब्लॉक, म्यूट यांच्या याद्यांच्या फाइली (सीएसव्ही) आधी उतरवून घ्या. पुन्हा हलायचं तर ३० दिवस थांबावं लागतं.

शहापूर_पेठ: ताई, वर्गणीचा हिशेब मॅस्टोडॉनच्या खाजगी मेसेजवर चालेल का?

कॅम्प_कॉर्नर: नको हो दादा. मॅस्टोडॉनचे खाजगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा-घेणारा वाचू शकेल असे) नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला बघता येतात. हिशेबाला सिग्नल ॲप किंवा मॅट्रिक्स या चॅटवरची एन्क्रिप्टेड खोली बरी.

येळ्ळूर_रोड: आपल्याकडं एकच माणूस मराठीतही लिहितो, कन्नडमध्येही. मॅस्टोडॉनवर पोस्ट टाकताना भाषा निवडायला सांगा सगळ्यांना. मग ज्याला कन्नड वाचता येत नाही तो त्या माणसाच्या फक्त मराठी पोस्ट मागवू शकतो, अनफॉलो करायची वेळ येत नाही. ही सोय आपल्या भागासाठीच केल्यासारखी आहे की ओ! पण फोन कन्नड कीबोर्डवर असला तरी पोस्टची भाषा आपोआप बदलेल असं धरू नका, हातानं निवडा.

निपाणी_नाका: बॅकअपचं राहिलं. डेटाबेस आणि एन्व्ह प्रॉडक्शन (.env.production) ही मॅस्टोडॉनच्या सेटिंगची फाइल, दोन्ही रोज दुसऱ्या जागी. त्या फाइलमधल्या गुप्त किल्ल्या हरवल्या तर सगळ्यांचं टू-फॅक्टर लॉगिन अडतं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर रोजचा बॅकअप, आणीबाणीत आत शिरू शकेल असा दुसरा माणूस आणि बंद करण्याआधी ३ महिन्यांची सूचना, हेही कबूल करावं लागतं. यादीत जायचं नसलं तरी हे पाळाच.

शहापूर_पेठ: नव्या सर्व्हरवर टाकायला कडोली, उचगाव, कारदग्याच्या साहित्य संमेलनांचे जुने फोटो कुणाकडे आहेत?

येळ्ळूर_रोड: असतील त्यांनी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून टाकला की तो दाबला जातो, मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत नाहीत. फाइलच्या नावात गाव आणि साल घाला.